पुरुषांचे केस गळायला लागले तर कुठून सुरुवात करायची, काय वापरायचं आणि कशापासून लांब राहायचं

केस विरळ व्हायला लागलेत हे लक्षात आलं की बहुतेक जण पहिले काही महिने दोनच गोष्टी करतात, दिवसा आरशात बघायचं आणि रात्री मोबाईलवर शोधत बसायचं, आणि त्यातून हाती काय लागतं तर डझनभर तेलं, चार प्रकारच्या गोळ्या आणि प्रत्येक जण काहीतरी वेगळंच सांगतोय. मी या सगळ्यातून गेलोय, माझे उपचार अजूनही चालू आहेत, त्यामुळे ज्याला आत्ता कुठे हे जाणवायला लागलंय त्याच्यासाठी क्रमाने लिहितोय.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधीच सांगतो. केस गळण्याचे प्रकार बरेच आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, म्हणून आधी प्रकार ओळखायचा आणि मगच खिशात हात घालायचा. आणि डोक्यावर आहेत ते केस टिकवणं हे गेलेले परत आणण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं रेंगाळायचं पण नाही.

मी डॉक्टर नाही. औषधांची माहिती देतोय ती तुम्हाला डॉक्टरसमोर नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून. तुमचा डोस डॉक्टरच ठरवणार.

१. खरंच जास्त गळतायत का ते आधी बघा

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि त्यातले दिवसाला ५० ते १०० गळणं अगदी नॉर्मल आहे. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोनतीन आठवडे त्याची वाढ थांबत जाते, मग जवळजवळ ३ महिने तो नुसता मुळात बसून असतो आणि शेवटी गळून त्याच जागी नवीन येतो. तुम्ही चारचार दिवसांनी केस धूत असाल तर चार दिवसांचे गळालेले केस एकदम हातात येणारच, त्यात शॅम्पूचा काही दोष नाही. गळतील या भीतीने केस धुणंच कमी करणारे खूप जण आहेत, त्याने फक्त कोंडा आणि खाज वाढते.

बाथरूममधले केस मोजत बसू नका. पुरुषांचं नेहमीचं जे टक्कल असतं त्यात कित्येकांना पुंजके गळताना कधी दिसतच नाहीत, केस फक्त हळूहळू बारीक होत जातात. म्हणून किती पडले त्यापेक्षा उरलेले कसे आहेत ते बघायचं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस आणि मागच्या बाजूचे, कानांच्या मधले केस बोटात धरून तुलना करा. पुढचे लवेसारखे मऊ, आखूड आणि मागचे जाड असतील तर काहीतरी चालू आहे.

घरी करण्यासारखी एक सोपी टेस्ट आहे. एक दिवस केस न धुता ठेवा, मग साधारण ५० केसांची बट मुळाशी चिमटीत धरून हळूच पण घट्ट ओढत टोकापर्यंत या. एकदोन केस आले तर ठीक. डोक्याच्या वेगवेगळ्या भागांत पाचसहापेक्षा जास्त येत असतील तर ते डॉक्टरला सांगण्यासारखं आहे.

आणि आजच फोटो काढून ठेवा. चार अँगल पुरेत: समोरून केस मागे घेऊन, दोन्ही कानशिलं, आणि वरून भोवऱ्याचा. कोरडे केस, तीच खोली, तोच दिवा, तेवढीच लांबी. दर ३ महिन्यांनी असाच सेट काढायचा. रोज आरशात बघून काही म्हणजे काही कळत नाही, ओल्या केसांत आणि वरून पडणाऱ्या उजेडात कुणाचीही टाळू दिसते. पुढे औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायला या फोटोंइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही आणि सुरुवातीचा सेट नंतर काढता येत नाही.

२. प्रकार ओळखा

सगळ्यात कॉमन म्हणजे आनुवंशिक टक्कल, याला अँड्रोजेनेटिक अ‍ॅलोपेशिया म्हणतात. कपाळाचे कोपरे मागे सरकतात, भोवऱ्यापाशी विरळ होतं, पुढे दोन्ही भाग एकमेकांना मिळतात, बाजूचे आणि मागचे केस मात्र टिकतात. हे वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. याच्या पायऱ्या मोजायला हॅमिल्टन-नॉरवुड स्केल वापरतात, १ ते ७ अशी, डॉक्टर 'ग्रेड ३' वगैरे म्हणतात ते हेच. पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांमध्ये हे थोडंफार दिसतं, आणि विशीत सुरू होणारेही भरपूर आहेत. एक मात्र लक्षात ठेवा, सतरा-अठराची कोवळी हेअरलाइन पुढच्या काही वर्षांत थोडी वर सरकून पक्की होते. कोपरे जरासे वर गेले आणि मग तिथेच थांबले तर ते टक्कल नाही.

दुसरा प्रकार म्हणजे अचानक सगळीकडून गळणं, टेलोजेन एफ्लुव्हियम. डेंग्यू, टायफॉइड, कोविड असा मोठा ताप, ऑपरेशन, अपघात, एकदम खूप वजन उतरवणं, मोठा मानसिक धक्का, यातलं काहीतरी घडतं आणि त्यानंतर दोनतीन महिन्यांनी केस भसाभस गळायला लागतात. हा मधला गॅप फार फसवतो, कारण तोपर्यंत आजारपण विसरलेलं असतं आणि माणूस कालपरवा बदललेल्या शॅम्पूला नाहीतर पाण्याला दोष देतो. मगाशी सांगितलं ना, केस ३ महिने मुळात बसून राहतो आणि मग गळतो, तो गॅप तिथून येतो. कारण गेलं की हे साधारण ६ महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. नेमक्या याच काळात लोक कुठलंतरी तेल सुरू करतात, केस आपोआप परत येतात आणि तेलाचं नाव होतं. टेस्टिमोनियल वाचताना हे डोक्यात ठेवा.

तिसरा, चाई. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा, कधी डोक्यावर, कधी दाढीत. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. हे कुठल्याही तेलाचं काम नाही, डॉक्टर चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, आणि खूप पसरलेल्या चाईसाठी आता गोळ्याही आहेत, बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

याशिवाय बुरशीचं इन्फेक्शन, केस सतत ताणून घट्ट बांधल्याने कडेकडेने जाणारे केस, आणि औषधांमुळे होणारं गळणं. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, रक्त पातळ करणारी काही औषधं, लिथियम, व्हॅल्प्रोएट, काही बीटा ब्लॉकर, यांनी केस गळू शकतात. जिममध्ये अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड घेत असाल तर ते डॉक्टरला सरळ सांगा, आनुवंशिक कल असलेल्याचं टक्कल त्याने जोरात पुढे जातं.

इथे थांबायचं नाही, लगेच दाखवायचं: डोक्याची त्वचा दुखतेय, जळजळतेय, लाल आहे, पू येतोय, पापुद्रे सुटतायत, किंवा गळालेल्या जागी त्वचा चकचकीत झालीय आणि मुळांची छिद्रंच दिसत नाहीत. केसांची मुळं कायमची नष्ट करणारे काही आजार असे सुरू होतात आणि त्यात गेलेला महिना परत मिळत नाही.

३. आनुवंशिक टक्कल नेमकं होतं कसं

हे थोडं समजून घेतलंत तर पुढची निम्मी फसवणूक आपोआप टळेल.

टेस्टोस्टेरॉन हे हॉर्मोन, त्याचं ५-अल्फा रिडक्टेज नावाच्या एन्झाइममुळे डीएचटी बनतं. ज्यांच्या केसांच्या मुळांना आनुवंशिकतेने डीएचटी सोसत नाही त्यांची मुळं प्रत्येक चक्रात थोडी आक्रसतात, वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो, केस बारीक आणि आखूड होत जातो, शेवटी नुसती लव उरते. मागच्या आणि बाजूच्या मुळांवर हा परिणाम होत नाही, म्हणून तिथले केस टिकतात. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२ मध्ये दाखवलं होतं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जायला लागले.

म्हणजे हॉर्मोन जास्त झालेत असं नसतं. टक्कल पडणाऱ्या बहुतेक पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन इतरांइतकंच असतं, फरक मुळांच्या संवेदनशीलतेत आहे. त्यामुळे 'डीएचटी लेव्हल' तपासायचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर गरज नाही म्हणून सांगा. हस्तमैथुनाने टक्कल पडतं हाही गैरसमज इथेच संपतो, काहीही संबंध नाही. टोपी, हेल्मेट, रोजचा शॅम्पू यांचाही नाही. आणि वस्तरा फिरवल्याने केस दाट येत नाहीत, कापलेलं टोक बोथट असल्यामुळे नवीन केस हाताला जाड लागतो एवढंच.

'आईच्या वडिलांकडे बघ' असं म्हणतात ते अर्धंच खरं. पुरुषी हॉर्मोन पेशीत जिथे चिकटतात त्या अँड्रोजन रिसेप्टरचं महत्त्वाचं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं आणि ते पुरुषाला आईकडून येतं हे बरोबर, पण बाकीची जीन्स बरीच आहेत आणि ती दोन्हीकडून येतात. वडिलांचे केस पांढरे होऊनही दाट आहेत म्हणून निश्चिंत राहू नका आणि आजोबांना टक्कल होतं म्हणून धीर सोडू नका.

क्रिएटिन या जिमवाल्यांच्या सप्लिमेंटबद्दल हमखास विचारलं जातं म्हणून सांगतो. २००९ मध्ये रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासात डीएचटी वाढलेलं दिसलं आणि तेव्हापासून ही चर्चा चालू आहे, पण त्या अभ्यासात केस कुणी मोजलेच नव्हते.

४. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

जायचं ते त्वचारोगतज्ज्ञाकडे, म्हणजे स्किन स्पेशालिस्टकडे. 'हेअर एक्स्पर्ट', 'ट्रायकॉलॉजिस्ट' असं लिहिलेला माणूस डॉक्टर असेलच असं नाही, डिग्री बघा, विचारायला लाजू नका. फुकट तपासणी आणि लगेच वर्षाचं पॅकेज असा प्रकार जिथे असेल तिथे तुमच्याशी बोलणारा माणूस बऱ्याचदा सेल्सचा असतो.

सोबत हे ठेवा:

- आत्ताचे फोटो आणि दोनचार वर्षांपूर्वीचे, ज्यात कपाळ नीट दिसतं
- चालू असलेली सगळी औषधं, सप्लिमेंट, प्रोटीन पावडर, जिमचं काही असेल तर तेही
- गेल्या वर्षभरातले ताप, ऑपरेशन, डाएट, वजनातले चढउतार, महिन्यांसकट
- घराण्यात कुणाला, कितव्या वर्षी, कुठून केस गेले, आई आणि वडील दोन्हीकडचं
- आधी काय काय लावलं, किती दिवस
- जुने रक्ताचे रिपोर्ट
- ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, थायरॉइड, डिप्रेशन, लैंगिक तक्रारी यातलं काही असेल तर, आणि नजीकच्या काळात मूल हवंय का

शेवटचा मुद्दा लोक संकोचाने गाळतात. तो गाळू नका, औषध निवडणं त्यावरच अवलंबून आहे.

जाताना तेल, जेल, हेअर फायबर काहीही लावलेलं नको. डॉक्टर बहुतेक डर्मोस्कोप लावून बघतील, ते एक मोठं करून दाखवणारं भिंग असतं. शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत बराच फरक दिसला की आनुवंशिक टक्कल ओळखता येतं. बायॉप्सी क्वचितच लागते.

रक्ततपासणी सगळ्यांना लागत नाही. साधं आनुवंशिक टक्कल नुसतं बघून कळतं. सगळीकडून गळत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइडचं टीएसएच, व्हिटॅमिन डी असं सांगतात. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी नक्की सांगा, बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशाराच दिलाय.

५. मिनॉक्सिडिल

आनुवंशिक टक्कलावर लावायचं हे औषध, पण मुळात ते ब्लडप्रेशरचं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि त्यातून डोक्याला लावायचं औषध निघालं, २ टक्क्यांच्या सोल्युशनला १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुरुषांना आता सहसा ५ टक्के देतात.

लावायची पद्धत: डोकं पूर्ण कोरडं हवं. सोल्युशन असेल तर १ मिली, दिवसातून दोनदा, फोम असेल तर अर्धं झाकण. केस बाजूला करून त्वचेवर लावायचं, केसांवर लावलेलं वाया जातं. नंतर हात धुवा, साधारण ४ तास डोकं धुऊ नका. रात्रीचं झोपायच्या तासदोन तास आधी लावा, नाहीतर उशीला लागून ते चेहऱ्यावर येतं आणि नको तिथे लव वाढते. जास्त लावून जास्त केस येत नाहीत, फक्त धडधड आणि चक्कर येण्याची शक्यता वाढते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावायचं नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. सुरू केल्यावर दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच जणांचे केस आधीपेक्षा जास्त गळतात. विश्रांतीत बसलेले केस ढकलले जाऊन नवीन चक्र सुरू होतं म्हणून असं होतं, आणि ते आपोआप कमी होतं. माझ्या ओळखीतले जितके जण 'मिनॉक्सिडिलने माझे होते तेही गेले' म्हणतात त्यातले बहुतेक याच टप्प्यावर बंद करून बसलेत. हे आधी माहीत असेल तर तो काळ निघून जातो, माहीत नसेल तर झोप उडते, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात, निकाल वर्षाने लावायचा. भोवऱ्यावर जास्त चांगलं काम करतं, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी. आणि बंद केलं की तीनचार महिन्यांत त्याच्यामुळे आलेले केस जातात. म्हणजे हे चालू ठेवायचं औषध आहे, तीन महिन्यांचा कोर्स नाही. रोज दोनदा जमणार नसेल तर तसं डॉक्टरला सांगा, ते दुसरा काहीतरी मार्ग काढतील, पण महिनाभर लावलं, महिनाभर सोडलं असं करण्यात काही अर्थ नाही.

खाज, लाली, पापुद्रे आले तर बऱ्याचदा सोल्युशनमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असतं, फोममध्ये सहसा ते नसतं, बदलून बघता येतं. छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज, अचानक वजन वाढणं असं काही झालं तर बंद करून डॉक्टरला भेटा. घरात मांजर असेल तर फार काळजी घ्या, मांजरांना हे औषध थोडंसं चाटण्यातूनही जीवघेणं ठरू शकतं. लहान बाळाच्या अंगालाही लागू देऊ नका.

कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळीही आता बरेच डॉक्टर देतात. केसांसाठी तिला अधिकृत मान्यता नाही, डॉक्टर स्वतःच्या निर्णयाने देतात, आणि ती बीपीची गोळी आहे हे विसरून मित्राची चिठ्ठी दाखवून आणायची नाही.

६. फिनास्टेराइड

मिनॉक्सिडिल केस वाढवतं पण डीएचटीला हात लावत नाही. ते काम फिनास्टेराइडचं. १ मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, केसांसाठी १९९७ पासून मान्यता. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी कमी होतं. ज्या चाचण्यांवर मान्यता मिळाली त्यात २ वर्षांनी केसांची संख्या टिकलेले किंवा वाढलेले गोळी घेणाऱ्यांमध्ये ८३ टक्के होते, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांमध्ये २८ टक्के. थांबवणं हे याचं मुख्य काम, वाढ झाली तर ती वरची कमाई. यालाही वर्षभर द्यावं लागतं आणि बंद केल्यावर वर्षभरात फायदा जातो.

साइड इफेक्टबद्दल दोन टोकं ऐकायला मिळतात, 'काही होत नाही घे' आणि 'आयुष्य बरबाद होतं'. आकडे असे आहेत: त्या चाचण्यांमध्ये पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी, म्हणजे इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्याचं प्रमाण घटणं, गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के जणांना आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के जणांना होत्या. बहुतेकांच्या बंद केल्यावर गेल्या. पण काही पुरुषांनी बंद केल्यानंतरही तक्रारी राहिल्याचं सांगितलंय आणि ते औषधाच्या माहितीपत्रकातही आलंय, त्यांना खोटं पाडायचं कारण नाही. मनावरच्या परिणामांचंही तसंच. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा साइड इफेक्ट असल्याचं मान्य केलं. म्हणून डिप्रेशनचा इतिहास असेल तर आधी सांगा, आणि गोळी सुरू केल्यावर मूड ढासळला, झोप गेली, नको ते विचार यायला लागले तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरशी बोला. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की ही गोळी सुरू केलीय, आपला मूड बदललाय हे बऱ्याचदा आपल्याआधी त्यांना कळतं.

मी स्वतः ही गोळी घेतो आणि मला सोसते, पण यावरून तुम्हाला सोसेल असं अजिबात ठरत नाही.

आणखी काही गोष्टी, ज्या दुकानात कुणी सांगत नाही:

- गरोदर बाईने किंवा गरोदर राहू शकणाऱ्या बाईने तुटलेली, चुरा झालेली गोळी हाताळायची नाही, पोटात मुलगा असेल तर त्या गर्भाला धोका असतो
- गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही, बंद केल्यावर किमान महिनाभर थांबायचं
- प्रोस्टेटची पीएसए तपासणी केली तर रिपोर्ट साधारण निम्मा येतो, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरला गोळीबद्दल सांगणं अत्यावश्यक आहे
- मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर आधी विचारा, काहींचे स्पर्म काउंट कमी होतात

ड्युटास्टेराइड यापेक्षा जोरदार, डीएचटी ९० टक्क्यांच्या वर कमी करतं. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते केसांसाठी मान्य आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी डॉक्टर स्वतःच्या निर्णयावर देतात. ते शरीरात कित्येक महिने रेंगाळतं, त्यामुळे सोसलं नाही तर चटकन सुटका नाही, आणि रक्तदानासाठी ६ महिने थांबावं लागतं. सुरुवात यापासून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लावायचं फिनास्टेराइडही मिळतं, पण 'लावायचं म्हणजे रक्तात जात नाही' हे खरं नाही, थोडं जातंच.

७. बाकीचं, थोडक्यात

किटोकोनॅझोल शॅम्पू: कोंडा आणि खाज असेल तर आठवड्यातून दोनदा, उपयोग आहे, तीनचार मिनिटं ठेवून धुवायचा. एकट्याने टक्कल थांबवणार नाही.

पीआरपी: तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटवाला भाग डोक्यात टोचतात. काहींना फायदा होतो, पण प्रत्येक ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी, त्यामुळे निकालही वेगळे. औषधांच्या जोडीला ठीक, औषधांऐवजी नको.

डर्मा रोलर, म्हणजे डोक्यावर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर: मिनॉक्सिडिलबरोबर काही अभ्यासांत चांगला फायदा दिसलाय. पण घरी स्वतः करताना इन्फेक्शनचा धोका आहे, आणि सुया टोचल्यावर लगेच मिनॉक्सिडिल लावू नका, रक्तात जास्त जातं. किती लांबीची सुई, किती दिवसांनी, डॉक्टरला विचारून.

लेझरचा कंगवा किंवा टोपी: थोडा उपयोग, चिकाटी फार लागते.

बायोटिन आणि केसांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या: शरीरात कमतरता असेल तरच. व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात, त्यामुळे दोनतीन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र घेऊ नका.

तेल: केस मऊ राहतात, तुटणं कमी होतं, मालिश बरी वाटते. आनुवंशिक टक्कल त्याने थांबत नाही. ज्या बाटलीवर औषधाचं नावच लिहिलेलं नाही आणि तरी 'महिन्यात केस' येतात म्हणतात ती घेऊ नका.

८. ट्रान्सप्लांटचा विचार करत असाल तर

मागचे टिकाऊ केस मुळासकट काढून पुढे लावायचे. ते पुढे आल्यावरही मागच्यासारखेच टिकाऊ राहतात, नॉर्मन ओरेन्ट्राइक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९५९ मध्ये हे मांडलं आणि सगळी शस्त्रक्रिया त्यावर चालते. एफयूटीत मागून त्वचेची एक पट्टी काढतात, आडवा व्रण राहतो. एफयूईत एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचा छोटा पुंजका, वेगळा काढतात, बारीक ठिपके राहतात, केस अगदी बारीक कापले तरच दिसतात.

यात नवीन केस तयार होत नाहीत, असलेल्यांची जागा बदलते, आणि मागचा साठा मर्यादित आहे. बाविसाव्या वर्षी कुणी तुम्हाला शाळेतली हेअरलाइन आखून देत असेल तर नको म्हणा. पुढे ग्राफ्ट टिकतील, त्यांच्या मागचे तुमचे मूळचे केस जात राहतील आणि मधल्या पट्ट्यात भरायला साठा उरणार नाही. चांगले सर्जन अशा वेळी आधी वर्षभर औषधं घ्यायला लावतात आणि गळणं थांबल्याशिवाय तारीख देत नाहीत. ट्रान्सप्लांटनंतरही औषधं बहुतेकांना चालूच ठेवावी लागतात, 'एकदा करा, विसरून जा' हे जाहिरातीतच.

पैसे भरण्याआधी हे विचारा:

- ग्राफ्ट काढणं, भोकं पाडणं, लावणं, यातलं काय सर्जन स्वतः करणार आणि काय टेक्निशियन? सर्जन पूर्ण वेळ तिथे असणार का?
- त्याच दिवशी अजून किती ऑपरेशनं आहेत?
- तुम्ही सांगताय तो आकडा ग्राफ्टचा की केसांचा? एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात, त्यामुळे केसांचा आकडा सांगून पॅकेज मोठं दाखवता येतं
- मागच्या भागाची घनता मोजली का, आणि पुढे परत लागलं तर किती शिल्लक राहील?
- भूल कोण देणार, काही झालं तर इमर्जन्सीची सोय काय?
- माझ्याच ग्रेडच्या पेशंटचे वर्षानंतरचे फोटो दाखवा, केस मागे घेतलेले, स्वच्छ उजेडातले

'आज बुक केलं तर सवलत' असं जिथे ऐकाल तिथून घरी या आणि चार दिवस विचार करा.

नंतरचा काळही माहीत असू द्या. तिसऱ्याचौथ्या दिवशी कपाळावर, डोळ्यांभोवती सूज येऊ शकते. खपल्या साधारण दहाबारा दिवसांत जातात. पहिल्या महिनादीड महिन्यात लावलेले बहुतेक केस गळून पडतात, मूळ आतच असतं. तिसऱ्याचौथ्या महिन्यापासून उगवायला लागतात, पूर्ण चित्र १२ महिन्यांनी, भोवऱ्याचं त्याहूनही उशिरा. दुखणं वाढत जाणं, पू, ताप, त्वचा काळी पडणं, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही.

९. उपचार करायचे नसतील तर

हाही पूर्णपणे योग्य निर्णय आहे, आनुवंशिक टक्कल शरीराला काही इजा करत नाही. बारीक केस ठेवले तर विरळपणा कमी जाणवतो, लांब केस आडवे घेऊन झाकले तर जास्त उठून दिसतो. विरळ भागावर टाकायचे हेअर फायबर एखाद्या दिवसापुरते छान चालतात, फक्त रात्री धुऊन टाका. हेअर पॅच लावायचा असेल तर गोंदाची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी छोट्या जागेवर बघा, आणि क्लिपवाला पॅच उरलेल्या केसांना ताणतो हे ध्यानात घ्या. टॅटूसारखे ठिपके देऊन बारीक कापलेल्या केसांचा भास करणारं मायक्रोपिगमेंटेशनही आहे, ते मात्र सहजासहजी पुसता येत नाही.

लोक बोलतात, भेटल्याभेटल्या पहिली नजर कपाळावर जाते, फोटो काढायची वेळ आली की नको वाटतं, हे सगळं खरं आहे आणि त्याचा त्रास होणं स्वाभाविक आहे. त्यामुळे बाहेर पडणं, लोकांना भेटणं बंद होत असेल किंवा दिवसातले तासनतास आरशात जात असतील तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला, केसांचे उपचार चालू असोत वा नसोत.

आणि डोक्यावरचे केस कमी झाले की ऊन थेट त्वचेवर येतं. बाहेर जाताना टोपी घाला किंवा टाळूला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी परत. टाळूवर न भरणारी जखम, खरखरीत चट्टा किंवा आकार बदलणारा तीळ दिसला तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा.